पाचवं भोक

फिलोमेनानं ती गोणपाटातून काढली, सोप्यावर आडवी ठेवली.
‘घोव गेलो, बंदूक उरली. हांव तिका पाव घालूं?’
किंमतही तिनंच सांगितली. अकरा हजार,
शिवाय परवाना नावावर करायच्या सगळ्या खेपांचं बसभाडं माझं.
माझ्या भाच्याचा फोन याच्या तिप्पट पैशांचा,
आणि तो सावर्ड्याच्या पुलावर पोचलं की रेंज सोडतो.

एकतीस वर्षं मी खाणीच्या वर्कशॉपात लेथ चालवली.
खाण बंद पडली, हात काही बंद पडले नाहीत.
म्हणून कारखान्याचा शिक्का नंतर पाहिला
(अर्धी अक्षरं आधीच्या कुणाच्या तरी अंगठ्यानं नेलेली).
आधी बोल्ट ओढला.

आवाज कसा सांगू?
पाहुणे निघून गेल्यावर, झोपायची घाई नसलेल्या माणसानं
मागच्या दाराची कडी लावावी, तसा.
वर. मागे. पुढे. खाली.
मध्ये कुठे खरखर नाही.
सत्तर वर्षांपूर्वी कुठल्याशा थंड गावात
कुणी एक माणूस ही खाच कानशीनं घासत बसला असणार,
आणि ‘चालेल’ म्हणून झाल्यावरही
त्यानं आणखी दोन हात मारले असणार.
अकरा हजार मी त्या दोन हातांचे दिले.

बोल्ट काढून नळीतून आभाळ पाहिलं.
पीळ शाबूत, शंखाच्या आत असतो तसा,
आणि त्याच्या टोकाला, एवढ्याशा उजेडात,
केप्याच्या इगर्जीचा क्रूस.

लाकडाचं मात्र विचारू नका.
मूळ दस्ता अक्रोडाचा, म्हणे. वाळवीनं खाल्ला तेवढा भाग
ऑर्लांदनं फणसाचा बसवलेला, पिवळाधमक,
दोन स्क्रू, दोन वेगवेगळ्या जातींचे.
भाचा म्हणाला, पॉलिश करून घ्या मामा.
मी फक्त तेलाचा हात फिरवला.

रविवारी क्लबात, चिऱ्यांच्या जुन्या खाणीत,
शांबा देसायांचा विराज आपली पेटी उघडत होता.
परदेशी, काळी, वर दुर्बीण. त्याची पेटी माझ्या बंदुकीहून महाग.
तो हसला, पण वाईट नाही हसला.
कागद पन्नास मीटरवर.
अर्धा श्वास सोडायचा, उरलेला धरायचा,
लेथवर शेवटचा काप घेताना धरायचो तसा.
हिच्याशी घाई चालत नाही. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट,
आणि बोल्ट ओढेपर्यंत
आपलं काय चुकलं ते आठवायला पुरेसा वेळ.

बाजारात न चालणारा एक चाराणा मी खिशात ठेवतो.
कागदावर ठेवला. चार भोकं झाकली गेली.
पाचव्याची कड बाहेर.
ती माझी. बंदुकीची नव्हे.
विराजनं कागद उन्हाकडे धरला, मग म्हणाला,
‘काका, एकदा मारून बघू?’

निवडणूक लागली की पोलिसात जमा करावी लागते.
रांगेत काजूराखणीच्या ठासणीच्या बंदुका, दोऱ्यांनी बांधलेल्या,
आणि विराजची पेटी, चाक लावून ओढत आणलेली.
हवालदार वेळीपनं पावती लिहिताना विचारलं, ‘किंमत?’
सांगितली. तो मान वर न करता म्हणाला, ‘एक शून्य राहिलं?’
मग नियमाप्रमाणे बोल्ट ओढून नळी रिकामी असल्याचं पाहिलं.
मिटला. पुन्हा ओढला.
तिसऱ्यांदा ओढला तेव्हा मागची रांग कुरकुरली.
त्यानं ती भिंतीच्या ओलीपासून हातभर लांब ठेवली
आणि पावतीवर शिक्का उलटा मारला.

परतताना बसस्टँडवर फिलोमेना भेटली, पिशवीत पाव.
पाकिटातला कागद काढून दाखवला, चाराण्यासकट.
तिनं चश्मा वर सरकवला, नाणं बोटानं बाजूला केलं,
बाहेरच्या भोकावर नख ठेवलं.
‘ऑर्लांदाचें पांचवेंय भितर आसतालें,’ म्हणाली,
आणि बस आली.